जी येतच नव्हती तिला पुढे ढकलताना

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर आईच्या तीन खुणा असतात. दूध आलं नाही त्या तारखेवर फुली, सिलिंडर लावला त्या तारखेला 'गॅ', आणि चौकटीच्या अगदी कोपऱ्यात लाल पेनानं टाचणीच्या डोक्याएवढं एक टिंब. ते टिंब माझं. तेराव्या वर्षापासून आई ते करत आली आहे. बाबा रोज सकाळी त्या कॅलेंडरसमोर उभं राहून तिथी बघतात, पण टिंब त्यांना दिसत नाही अशी घरात समजूत आहे.

2023 च्या ऑक्टोबरात, ऐन पितृपंधरवड्यात, आई आजोबांच्या श्राद्धाची तिथी शोधत पानं मागेपुढे करत होती. मध्येच थांबली. "अगं, सप्टेंबरात टिंबच नाहीये." मग ऑगस्टचं पान. तिथेही नाही. जुलैतही नाही. शेवटचं टिंब 28 जूनला, आषाढीच्या आदल्या दिवशी. मी सहकारी बँकेत कामाला आहे, व्याजाचे दिवस मोजायची सवय हाताला असते. 97 दिवस झाले होते.

"अधिक श्रावण होता ना यंदा," आई म्हणाली आणि मग स्वतःच गप्प झाली. अधिक महिन्याचा आणि माझ्या पाळीचा काय संबंध, हे तिलाही सांगता आलं नसतं.

सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या एवढी मोठी गोष्ट लक्षात कशी आली नाही, याचं उत्तर त्या वर्षी गौरी बसल्या नाहीत यात आहे. गणपतीच्या आठ दिवस आधी चुलत आजोबा गेले. सुतक आलं, महालक्ष्म्या बसल्या नाहीत, आणि म्हणून मला गोळ्या दिल्या गेल्या नाहीत.

गोळ्या म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या. ज्यांच्या घरी सोवळं-ओवळं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, तीस माणसं जेवायला. अशा वेळी घरातली हाताखालची मुलगी बाजूला बसली तर कसं चालेल? म्हणून आवाहनाच्या तीन दिवस आधीपासून सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक गोळी. औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी मागायचा नाही. "गौरी का?" एवढंच विचारायचा आणि पाकीट वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून द्यायचा. माझी तारीख कधी हे कुणालाच माहीत नसायचं, त्यामुळे आई सरसकटच द्यायची. असू दे, आपली खबरदारी. गणपतीला, मग काकूंकडच्या सत्यनारायणाला, मग चैत्रात आत्याकडच्या बोडणाला.

आणि गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत हमखास पाळी यायची. आई टिंब करायची, म्हणायची, "आली की!" सगळं व्यवस्थित चाललंय असं वाटायला एवढं पुरेसं होतं. ती आलेली पाळी माझी नव्हती, गोळीची होती. त्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं, ते अस्तराला धरून ठेवतं आणि थांबवलं की अस्तर सुटतं. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. जी येतच नव्हती तिला आम्ही वर्षातून दोन-तीनदा पुढे ढकलत होतो.

आई जुनी कालनिर्णयं टाकत नाही. माळ्यावर सुरळी करून ठेवते, कप्प्यांत घालायला. एका रविवारी मी 2019 ते 2022 ची चारही खाली काढली आणि हिशेबाला बसले. 48 महिने, 27 टिंबं. त्यातली नऊ कुठल्या ना कुठल्या कार्याला लागून. म्हणजे चार वर्षांत माझी स्वतःची पाळी अठरा वेळा आली होती. बँकेत एवढा फरक निघाला असता तर रात्री आठपर्यंत कुणाला घरी सोडलं नसतं.

तसं कॉलेजात असताना एकदा दाखवलं होतं. ते डॉक्टर कोण, कुठले, ते जाऊ दे. त्यांनी नाडी बघितल्यासारखं केलं, वजन विचारलं आणि आईकडे वळून म्हणाले, "लग्न लावून द्या, एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं." आईला ते पटलं, कारण तिला तिच्या आईनंही हेच सांगितलं होतं. मला पटलं, कारण एकोणिसाव्या वर्षी मला त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचं होतं.

या वेळी बँकेतल्या एका ताईंनी टिळक रस्त्याजवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं. मी चारही कॅलेंडरं सुरळी करून घेऊन गेले. आई आधी नको म्हणत होती, दुधाच्या फुल्या दिसतील म्हणून. डॉक्टरांनी ती टेबलावर पसरली, चष्मा खाली करून पंधरा मिनिटं बघितली आणि आईला म्हणाल्या, "इतकी चांगली नोंद माझ्याकडे कुणी आणत नाही हो. दूधवाला मात्र फार खाडे करतो तुमचा." आई लाजली, पण त्या एका वाक्यानं तिचा त्या बाईंवर विश्वास बसला. पुढच्या भांडणात तो उपयोगी पडला.

पहिली तपासणी गरोदरपणाची. हे ऐकून आईचा चेहरा असा झाला, की मला हसू यायच्या ऐवजी घाम फुटला. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तीन महिने चुकलेल्या प्रत्येकीची करते. साठीतल्या बाईची करत नाही एवढंच." मग दहा दिवस अस्तर सुटायच्या गोळ्या, त्यानंतर आलेल्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी रक्त. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि आणखी दोन-तीन नावं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन बघतात, कारण त्यांनीही पाळी लांबते, आणि ती कारणं आधी बाजूला काढावी लागतात.

सोनोग्राफीचं वर्णन करायचं तर लिटरभर पाणी पिऊन सहकारनगर ते टिळक रस्ता गाडीवर, मध्ये येणारे गतिरोधक, आणि पोहोचल्यावर 'अजून दोन पेशंट आहेत' असं ऐकणं. समोर भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी. ती मी त्या अर्ध्या तासात चाळीसेक वेळा वाचली असेन.

रिपोर्टमध्ये दोन्ही बीजकोश आकारानं मोठे आणि कडेनं बारीक बारीक ठिपके. फिल्मवर ते खरोखर ओवलेल्या मोत्यांसारखे दिसतात. आई म्हणाली, "एवढ्या गाठी?" इथे डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गाठी नाहीत. याला पीसीओएस म्हणतात, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. नावात सिस्ट म्हणजे गाठ आहे, ते नावच चुकीचं पडलंय. या अर्धवट वाढलेल्या पुटिका आहेत. दर महिन्याला त्यातली एक मोठी होऊन फुटायला हवी, बीज बाहेर पडायला हवं. हिच्यात त्या रांगेत उभ्या राहतात, पुढे कुणीच सरकत नाही." ऑपरेशन करून काढायचं असं त्यात काही नसतं. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, आणि सोनोग्राफीतलं हे चित्र, या तिन्हीतल्या दोन गोष्टी असल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही की पीसीओएस म्हणायचं. माझ्याकडे तिन्ही होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या 8 ते 13 बायकांना हे असतं, आणि त्यातल्या बहुतेकींना ते माहीतही नसतं. मी मनातल्या मनात आमच्या शाखेतल्या बायका मोजल्या.

मग त्यांनी माझी ओढणी बाजूला करून मान बघितली.

इथे जरा थांबते. माझी मान मागच्या बाजूला काळी आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून. कातडी जराशी जाड, मखमलीसारखी. आई दर रविवारी मला मोरीत पाटावर बसवायची आणि बेसन-हळदीनं ती मान घासायची. "नीट धुवत नाहीस, मळ साचतो." कधी कधी लिंबाची फोड. एकदा वैतागून नारळाच्या शेंडीनं. लाल व्हायची, चुरचुरायची, दोन दिवसांनी पुन्हा तशीच. शाळेत मी वेणी कायम मानेवर पडेल अशी घालायची. बँकेत लागल्यावरही उन्हाळ्यात अंबाडा घातला नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "हा मळ नाही. रक्तात इन्शुलिन जास्त फिरत असलं की त्वचा अशी होते. घासून जाणार नाही." आई काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर तिनं माझ्या मानेवर हात ठेवला आणि स्वारगेट येईपर्यंत तसाच ठेवला.

त्या मानेमुळेच साखरेची तपासणी झाली. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, लिंबू-मीठ नसलेलं कोमट सरबत समजा, आणि दोन तास नुसतं बसायचं. उपाशीपोटी आकडा 98, ठीक. दोन तासांनंतर 162. 140 च्या आत हवा होता. दोनशेला मधुमेह म्हणतात, म्हणजे मी मधल्या पट्ट्यात. बाबांना मधुमेह आहे, मला वाटायचं तो पन्नाशीनंतर येतो. नुसता उपाशीपोटीचा आकडा बघितला असता तर मला 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवलं असतं.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे काढून दाखवलं ते असं. इन्शुलिनचं काम साखर पेशीत पोहोचवायचं. पेशी दाद देत नाही, म्हणून शरीर आणखी इन्शुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्शुलिन बीजकोशाला टेस्टोस्टेरॉन बनवायला भाग पाडतं. शिवाय यकृतात एक प्रथिन तयार होतं, जे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं, ते कमी होतं. त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, हनुवटीवर राठ केस येतात, डोक्यावरचे गळतात, बीज पिकत नाही, पाळी येत नाही. म्हणजे भांडण बीजकोशात दिसतं, पण सुरू बऱ्याचदा ताटापासून आणि रक्तातून होतं. सगळ्याच जणींमध्ये इतकं सरळ नसतं, सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, हेही त्यांनी सांगितलं.

औषधं दोन. मेटफॉर्मिन, बाबांच्या डब्यात असतं तेच. आणि दुसरी, 21 दिवस रोज एक, मग सात दिवस बंद, अशी हार्मोनची गोळी.

मेटफॉर्मिन 500 पासून सुरू केलं. पहिले दहा दिवस माझ्या पोटानं जे केलं ते सभ्य शब्दांत सांगणं अवघड आहे. मी तेव्हा कॅश काउंटरला होते. काउंटर सोडायचा म्हणजे रोकड मोजायची, पेटी बंद करायची, कुलूप लावायचं, शेजारच्याला सांगायचं, आणि रांगेतले पेन्शनर आजोबा घड्याळाकडे बघत असताना चालत, पळत नव्हे, मागच्या दाराला जायचं. एका दिवशी चार वेळा. शेवटी शाखाधिकाऱ्यांनी मला आठवडाभर क्लिअरिंगच्या टेबलावर बसवलं, कारण न विचारता. चूक माझीच होती, मी गोळी सकाळी नुसत्या चहावर घेत होते. डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, रात्रीच्या जेवणाच्या मध्ये घ्यायला सांगितली, आणि आकडा दोन-दोन आठवड्यांनी वाढवत 1500 वर नेला. पोट बसलं. तोंडात मात्र कधीमधी नाणं चघळल्यासारखी चव यायची.

दुसऱ्या गोळीवरून महाभारत झालं.

आईनं माझ्या पर्समध्ये पाकीट बघितलं, मागची बारीक अक्षरं भिंगानं वाचली आणि संध्याकाळी ते ओट्यावर ठेवून माझी वाट बघत उभी राहिली. "ह्या पाळणा लांबवायच्या गोळ्या आहेत. माला-डीची बहीणच की ही. लग्नाआधी? उद्या मूल झालं नाही म्हणजे?" मी समजावलं, ती ऐकेना. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "दर वर्षी गौरीला तू मला जी देतेस ती काय खडीसाखर आहे? तिच्यातही हार्मोनच असतं. ती तू चिठ्ठीशिवाय, मोजल्याशिवाय, दिवसाला तीन देतेस. ही डॉक्टरांनी बीपी बघून, अर्धशिशी आहे का विचारून, घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झालाय का विचारून दिलीय. देवासाठी चालते आणि माझ्यासाठी चालत नाही?"

बाबा हॉलमधून टीव्हीचा आवाज वाढवताना ऐकू आले.

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एकटीच टिळक रस्त्याला जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "त्या म्हणाल्या, तीन-तीन महिने अस्तर साचून राहणं जास्त वाईट. पुढे त्याचंच दुखणं होतं. आणि गोळीनं पुढे मूल व्हायला अडचण येत नाही." मग थोड्या वेळानं, "मला काय माहीत गं, आमच्या वेळी कुणी असं सांगायचं नाही." मी जास्त काही बोलले नाही. माझ्या त्या बोलण्यातला अर्धा राग तिच्यावर नव्हताच, तो त्या 'लग्न लावून द्या'वर होता.

आता खाण्याचं. इथे मी बरीच मूर्खपणाची कामं केली. महिनाभर भात-पोळी पूर्ण बंद करून बघितली, बाविसाव्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर उभ्यानं दोन क्रीमरोल खाल्ले आणि घरी येऊन रडले. दुधी-पुदिन्याचा हिरवा रस केला, तो बाबांनी मधुमेहासाठी प्यायला सुरुवात केली आणि मिक्सरची सुट्टी संपली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून इनोसिटॉलची पावडर घेतली. महिन्याला चांगले पैसे जायचे. डॉक्टर म्हणाल्या, नुकसान नाही, पण हिनं हमखास होईल असं सांगण्याइतका पुरावाही नाही. डबा संपल्यावर परत आणला नाही. चतुर्थीचा उपास धरणंही बंद केलं. आमच्याकडचा उपास म्हणजे साबुदाणा, बटाटा, वऱ्याचे तांदूळ. मधल्या पट्ट्यातल्या माणसानं उपासाच्या दिवशी दोन तासांनी साखर तपासून बघावी.

जे टिकलं ते फार साधं आहे. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, मग भाकरी, भात शेवटी आणि एकच वाटी. पोहे बंद केले नाहीत, त्यात पोह्यांइतकीच मोड आलेली मटकी घालायला लागले. आई आधी म्हणाली याला पोहे म्हणत नाहीत, आता तीच घालते. रविवारी मिसळ पावाशिवाय. हे लिहिताना मला दिसतंय की अर्धं पुणं माझ्याकडे दयेनं बघतंय, पण जास्तीच्या उसळीबरोबर कांदा-लिंबू घेतला तर खरंच जमतं. बँकेतल्या वाढदिवसांना समोसा किंवा पेढा, दोन्हीतलं एकच. रात्रीचं जेवण साडेनऊवरून आठवर आणायला मात्र सात महिने लागले, कारण त्यासाठी बाबांची बातम्यांची वेळ हलवावी लागली.

व्यायामाला सुरुवात पर्वतीपासून केली. 103 पायऱ्या, पहिल्या दिवशी चाळिसाव्याला बसले. शेजारून सत्तरीचे आजोबा "बसू नका, सावकाश चला" म्हणत वर गेले आणि मी पुन्हा उठेपर्यंत खालीही आले. पुढे तळजाई. पहाटे तिथे मोर ओरडतात आणि त्यांच्याहून मोठ्यानं हास्यक्लबवाले. पण नुसतं चालून काटा हलेना. तेव्हा डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितलं, आठवड्यातून दोनदा तरी. जेवणातली साखर सगळ्यात जास्त स्नायूच ओढून घेतात, म्हणून स्नायू वाढवायचे. "हात जाड होतील" ही माझी भीती. "तुझं टेस्टोस्टेरॉन एवढंही नाही," हे त्यांचं उत्तर. कॉलनीतल्या व्यायामशाळेत बायकांची वेळ सकाळी साडेसहाची. पहिल्या दिवशी दोन किलोचे डंबेल्स, आता आठचे. पूर्वी दळणाचा डबा गिरणीतून आणायला मी बाबांना गाडीवर पाठवायची, आता मीच खांद्यावर टाकून जिना चढते. रात्री जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं कॉलनीला फेऱ्या, बाबांना बरोबर घेऊन. त्यांचाही आकडा उतरला, पण ते श्रेय हिरव्या रसाला देतात.

आठ महिन्यांत 71 चं 66.5 झालं. फक्त साडेचार किलो. कुणाला दिसलं नाही, "बारीक झालीस" असं एकदाही ऐकलं नाही. पण वजनाच्या 5 टक्क्यांनीही बीज सुटायला लागतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि माझे सहा टक्के उतरले होते. साखर पुन्हा तपासली, दोन तासांनंतर 131.

हार्मोनची गोळी सहा महिन्यांनी थांबवली. मग वाट बघणं. तोवर दर महिन्याला येत होती ती गोळीच्या सात दिवसांच्या खाड्यात येणारी, तिचं आई टिंब करायची पण पोकळ, नुसता गोल. ही तिचीच कल्पना. गोळी थांबल्यावर 41 व्या दिवशी, जूनअखेरच्या धांदलीत, बँकेच्या बाथरूममध्ये मला कळलं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "भरीव करते."

सगळंच सरळ गेलं असं नाही. त्या दिवाळीत फराळ, जागरणं आणि व्यायामशाळा बंद, लागलीच 58 दिवसांचं अंतर पडलं. वर्षभरानं पायांना मुंग्या यायला लागल्या, बी-12 तपासलं तर तळाला. मेटफॉर्मिन लांब घेतलं की ते उतरतं, त्यात मी शाकाहारी. इंजेक्शनं घ्यावी लागली, आता दर वर्षी तपासते. हनुवटीचे केस सगळ्यात हट्टी. पार्लरमधली मुलगी भुवया झाल्या की आवाज खाली आणून "ताई, खालचंपण करू?" विचारायची, ते अजूनही विचारते. आलेला केस औषधानं जात नाही, नवा यायचा मंदावतो, तोही सहा-आठ महिन्यांनी कळतं. मी लेझर करून घेतलं, बरंचसं गेलं, पूर्ण नाही. मान उजळली आहे, आधीच्या निम्मीच काळी. गेल्या उन्हाळ्यात मी अंबाडा घातला.

स्थळं येतात तेव्हा सांगायचं का, यावर घरात दोन मतं आहेत. मी सांगते. एका मुलानं कॉफी ढवळत विचारलं होतं, "हे पसरतं का?" मी त्याला 8 ते 13 टक्के सांगितले, तर तो म्हणाला, "म्हणजे बरंच पसरलंय." त्या स्थळाचं पुढे काही झालं नाही. त्याचा विनोद मात्र मला आवडला होता, विनोद असेल तर.

2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला होते आणि गौरीजेवण 1 सप्टेंबरला. वीस ऑगस्टच्या आसपास आई कॅलेंडरसमोर उभी राहून बोटांवर मोजत होती. शेवटचं टिंब 28 जुलैचं. त्याआधीची अंतरं 34, 36, 35. मी मागून बघत होते. तिचं बोट पान उलटून सप्टेंबरच्या पहिल्या चौकटीवर येऊन थांबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी तारीख आधी काढता येत होती, आणि ती नेमकी जेवणावर येत होती.

"मी गोळी घेणार नाही," मी म्हटलं.

ती वळली नाही. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "मी म्हटलं का घे म्हणून?"

एक तारखेला पहाटे पाचला मला कळलं. आई पुरण शिजवत होती. मी दारात उभी राहिले, आत जावं की नाही ते ठरेना. तिनं माझ्याकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं, कुकरचा गॅस बारीक केला.

"पस्तिसावा दिवस," ती म्हणाली. "एवढी वेळेवर आलीय, तिला काय परत पाठवायचं?" मग आवाज उतरवून, "काकू साडेसातला येतील, त्यांना मी बघते. सोळातल्या अकरा भाज्या चिरायच्यात. तू तिकडे बाल्कनीत विळी घेऊन बस, पाट घे खाली. आणि आधी काहीतरी खा, उपाशीपोटी बसू नकोस."

मी भोपळ्यापासून सुरुवात केली. काकू आल्या, त्यांनी बाल्कनीकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई म्हणाली, "गवार तिच्याकडेच द्या."